चाळीस मिनिटांचं भाषण आणि माझा कणा

मी वाफेवर फिरणारा एक जुना टर्बाइन आहे. मित्रांनो, नाव जड वाटलं तर घाबरू नका. एका लांब पोलादी दांड्यावर हजारो पाती बसवलेली आहेत, तोच मी. बॉयलरमध्ये पाणी उकळतं, वाफ पात्यांवर आदळते, मी गरगर फिरतो आणि माझ्या दांड्याला जोडलेलं जनित्र वीज करतं. चहाच्या पातेल्यावरचं झाकण थडथडतं ना, तसलाच प्रकार. तुमचा पंखा, तुमचा मोबाइल, सगळा तोरा त्या झाकणाच्या जिवावर.

छत्तीस वर्षं फिरलो. माझी देखभाल एक मिस्त्री करायचे. मी भरात असताना ते माझ्या पाठीवर, म्हणजे वरच्या झाकणावर, एक नाणं कडेवर उभं करायचे. मी थरथरलो नाही आणि ते पडलं नाही की म्हणायचे, "शहाणा आहेस." एवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं. बाकीच्यांना मी दिवे गेल्यावर आठवायचो, तेही शिव्या घालायला.

मग पलीकडे नवीन केंद्र उभं राहिलं. तिथे म्हणे अणू फोडतात. मिस्त्रींची मुलगी आमच्याच केंद्रात इंजिनिअर. ती तिकडे पाहून आली तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, काय गं, कसं आहे तिथलं?

"काही नाही बाबा, एवढा खटाटोप करून शेवटी पाणीच उकळतात. पुढे आपल्या या टर्बाइनचाच धाकटा भाऊ बसवलाय."

तरी मला मोडीत काढायचं ठरलं. मिस्त्रींनी केंद्राच्या साहेबांचा पिच्छा पुरवला. शेवटी साहेब म्हणाले, दांडा सरळ राहिला तर याला राखीव ठेवू आणि तुम्हालाही. वाकला, तर हा भंगारात आणि तुम्ही घरी.

आता माझी एक खोड ऐका. वाफ तोडली तरी मी तापलेलाच असतो. तेव्हा एक छोटी मोटर लावून मला तासन्‌तास हळूहळू फिरवत ठेवावं लागतं. थांबलो की खालचं अंग आधी निवतं, वरचं गरम राहतं आणि दांडा वाकतो.

नव्या केंद्राच्या उद्घाटनाची सभा माझ्याच शेडमध्ये भरली. मला त्याच सकाळी बंद केलं होतं. छोटी मोटर कुरकुरत होती. साहेबांना आपल्या भाषणात ती कुरकुर खपेना. पाच मिनिटं बंद करा, म्हणाले. मिस्त्री नको नको म्हणत राहिले. पण बटणापाशी त्यांची मुलगी उभी होती आणि हुकूम तिला होता. तिने बटण दाबलं.

भाषण चाळीस मिनिटं चाललं. वाफेचं युग संपलं, असं त्यात सांगितलं. टाळ्या पडल्या. टाळ्या पिटणाऱ्यांच्या डोक्यावरचे पंखे पलीकडच्या वाफेवर फिरत होते.

मिस्त्री म्हणाले, अर्धा फेरा फिरवून गरम बाजू खाली करा, उद्यापर्यंत पडू द्या, कदाचित आपोआप सरळ होईल. पण पाहुण्यांना माझी घरघर ऐकायची होती.

"सोडा वाफ," साहेब म्हणाले.

"बाबा?" मुलीने वळून पाहिलं.

"मला काय विचारतेस? हुकूम त्यांचा आहे."

तिने वाफ सोडली. मी असा थरथरलो की पाहुणे खुर्च्या सोडून पळाले. पाती घासली. मिस्त्रींनी धावत जाऊन वाफ तोडली. नंतर मोजमाप झालं. दांडा कायमचा वाकला होता.

मुलीची बदली नव्या केंद्रात झाली. नोकरी सोडून जाताना मिस्त्रींनी ते नाणं तिच्या हातावर ठेवलं. "तिकडच्या धाकट्यावर ठेवत जा. रोज."

"बाबा," ती म्हणाली, "तिकडेही साहेब हेच आहेत."

आज मी कुंपणापाशी गंजत पडलोय. यंत्रांची काळजी घ्या, असं सांगून मोकळा झालो असतो. पण मित्रांनो, काळजी घेणारा होता माझ्याकडे. बोलूनही दाखवत होता. तुमच्याकडे असा कुणी असेल तर भाषण थांबवा आणि त्याचं ऐका. ऐकाल, असं मला वाटत नाही.