गाऱ्हाण्यातलं नाव

"लवूभावजी, औंदा गाऱ्हान्यात माझ्या दीपकचं नाव घेऊ नको," गंगा म्हणाली.

लवू गुरवाने हातातली झेंडूची माळ खाली ठेवली. शिमग्यात देवाची पालखी घरोघर जाते. प्रत्येक दारात लवू त्या घरातल्या एकेकाचं नाव घेऊन गाऱ्हाणं घालतो आणि जमलेली वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणून त्यावर शिक्का मारते. आपलं नाव आधी घे म्हणून भांडणारे त्याने पुष्कळ पाहिले होते. नाव गाळ म्हणणारी ही पहिलीच.

"का गो? पोराशी भांडलीस?"

"तलाठी भाऊसाहेब येनार हायत. कुनीतरी अर्ज केलान, गंगाला कमवता मुलगा हाय म्हनून."

अर्ज निम्मा खरा होता. मुलगा होता. मुंबईत एका कारखान्यात तो लोखंडी कपाटांना फवाऱ्याने रंग मारायचा. नऊ वर्षांत कपाटांइतकाच रंग त्याच्या छातीतही बसला आणि दिवाळीत मालकाने त्याला खोकल्यासकट गावी पाठवून दिलं. तेव्हापासून तो गंगाच्या निराधार पेन्शनवर जगत होता. पोस्टमन दर महिन्याला पैसे आणून द्यायचा. पेन्शन सुरू होण्याआधी त्या घरात दोन्ही वेळा पेजच असायची. आता दीपकसाठी दूध होतं, अंडं होतं, रत्नागिरीच्या डॉक्टरपर्यंत एसटी होती. फक्त, योजनेच्या नियमात कर्त्या वयाच्या मुलाची आई, मुलगा कमवत नसला तरी, निराधार बसत नव्हती. म्हणजे दीपक आहे म्हटलं की पैसे बंद, आणि पैसे बंद झाले की दीपक नाही. त्याला जगायचं असेल तर कागदावर नसणं भाग होतं. गंगाला हे एकही इयत्ता न शिकता समजलं होतं.

"देवाफुडं खोटं बोलू मी?" लवू म्हणाला.

"खोटं नको बोलू. नुसता गप ऱ्हा."

तलाठी आले तेव्हा ढोल खालच्या घरापर्यंत पोचले होते. मार्चअखेर होती, त्यांना देवापेक्षा तहसीलदारांची घाई होती. ओटीवर भिंतीला टेकून दीपक बसला होता.

"हे कोण?"

"पाव्हना हाय," गंगा म्हणाली. "हेदवीचा."

"काय करता पाहुणे?"

"रंगकाम."

"बरं असतं का त्यात?"

"कपाटांना बरं असतं," दीपक म्हणाला.

तलाठी खूश झाले. मोकळा माणूस त्यांना आवडायचा. मांडीवर कागद ठेवून त्यांनी पंचनामा लिहिला आणि पेन दीपकपुढे धरलं. "एक पंच वाडीतला घेतलाय. पण तुम्ही वाडीतले एकमेकांना सांभाळून घेता. बाहेरची एक सही असली की कोणी बोट ठेवत नाही. वाचून सही करा."

दीपकने मोठ्याने वाचलं. "'अर्जदार बाईस मुलगा नाही.'" मग मान वर न करता विचारलं, "बरोबर काय, मावशी?"

"बरोबर हाय, पाव्हनं," गंगा म्हणाली.

त्याने सही केली. नाव कुठलं घातलं ते त्याने आईलाही सांगितलं नाही. आपण नाही, याचा साक्षीदार होऊन तो पुन्हा भिंतीला टेकला. तेवढ्यात पालखी अंगणात आली.

गंगाने देवाची ओटी भरली. लवूने डोळे मिटले.

"बा म्हाराजा, ही तुझी लेक गंगा तुझ्या पायाशी आलीय. तिला सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

"तिच्या गायवासराला, शेताभाताला सांभाळ."

"व्हय म्हाराजा."

इथे दीपकचं नाव यायचं. लवू थांबला. पंचवीस वर्षांची सवय जिभेवर आली होती. त्याने एक डोळा उघडला, तलाठ्यांकडे पाहिलं, ओटीवरच्या खोकणाऱ्या पोराकडे पाहिलं. त्याला दया आली.

"आनि हितं एक पाव्हना आलाय. आजारी हाय बिचारा. त्याला लवकर त्याच्या घरी पोचव."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली. तलाठीही म्हणाले. सरकारी आवाज, सगळ्यांत स्पष्ट.

पालखी निघाली. गंगाने लवूला पाखाडीच्या पायऱ्यांवर गाठलं.

"असं का बोललास?"

"चांगलंच मागितलं की गो."

"त्याचं घर हेच हाय, भावजी. मंग देव त्याला पोचवनार कुठं?"

"देव वळखतो त्याला," लवू म्हणाला.

"वळखनार कसा? आयसच पाव्हना बोलली. मागारी चल, परत घाल गाऱ्हानं."

"दारातनं उठलेली पालखी मागारी येत न्हाय. आता फुडल्या शिमग्याला."

पुढल्या शिमग्याचं डॉक्टरही काही बोलले नव्हते.

गंगा घरी परतली नाही. ती पालखीमागून सोनूबाईच्या अंगणात गेली. तिथे लवूने सोनूबाईच्या नातवंडांना सुखी ठेव म्हटलं. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले, आणि त्या गलक्यात गंगा म्हणाली, "दीपक." शेजारी तलाठी जाता जाता हात जोडून उभे होते, त्यांना ऐकू गेलं नाही. सोनूबाईच्या म्हशीला सांभाळ म्हटलं, तेव्हाही ती म्हणाली, "दीपक."

पुढच्या घरी ती गेली, त्याच्याही पुढच्या घरी गेली. औंदा गंगाला देवाचं भारी वेड लागलंय, असं बायका म्हणाल्या. वाडीतल्या शेवटच्या दारात तिचा घसा पार बसला होता. लोक 'व्हय म्हाराजा' म्हणाले, की तिचे ओठ तेवढे हलायचे.