हॅस्करबी, बहरीन: दोन

हॅस्करबी: उत्तर इंग्लंडमधलं एक गाव. 'बी' म्हणजे वस्ती. हॅस्कर नावाच्या कुणाची तरी वाडी असणार. आज तिथे एक चर्च आहे आणि एक शेत. राहतं घर एकही नाही.

तांदळाची भाकरी पहिल्यांदा समोर आली की गोरा माणूस सुरी शोधतो. नील हॅस्करबीने शोधली नाही. त्याने भाकरी तोडली, रश्श्यात बुडवली आणि मान डोलावली, जणू ही चव त्याला आधीपासून ठाऊक होती.

मुलगा कसा आहे, असं कधी विचारायचं नाही. गावातल्या मयतीला येतो का, एवढंच विचारायचं.

नांदखोलच्या खाडीत ओहोटी लागली की जुन्या धक्क्याचे खांब वर येतात. भरतीला काही दिसत नाही. परक्या होडीवाल्याला ते सांगावं लागतं.

आडनावांचा जागतिक नकाशा. हॅस्करबी. इंग्लंड एकोणीस, न्यूझीलंड सहा, कॅनडा चार, बहरीन दोन.

नांदखोलकर, बहरीन: एकेचाळीस

सिराज नांदखोलकरचं मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, दोरखंड आणि ताडपत्रीचं दुकान आहे. पण बहरीनमधली कोकणी माणसं त्याला ओळखतात ती चौकशीसाठी. मुलीला स्थळ आलं की बाप सिराजला फोन करतो. मुलगा श्रीवर्धनचा असो नाहीतर राजापूरचा. आडनावातून गाव कळतं आणि गावातून माणसं. सिराज मुलाच्या घरी कधीच फोन लावत नाही. मशिदीत बांग देणाऱ्याला लावतो, मासळीवालीला लावतो, ज्याच्याशी त्या घराचं बांधावरून भांडण आहे त्याला तर आवर्जून लावतो.

"घरचे साखर देतात," तो म्हणतो. "शेजारी मीठ देतात. आपल्याला मीठ पाहिजे."

त्याच्या एकेका फोनने लग्नं मोडली होती, आणि त्या मुलींचे बाप अजून ईदला त्याला हलवा पाठवत होते.

आता त्याच्याच हुदाला स्थळ आलं होतं. आलं म्हणजे तिनेच आणलं होतं. हुदा जुफैरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. नील तिथे दुखरा खांदा घेऊन आला आणि खांदा बरा झाल्यावरही येत राहिला. चाळिशीचा, जनाबियात व्हिला, कुठल्याशा कंपनीत सेफ्टी ऑडिटर. कलमा पढायला तयार. आईवडील नाहीत. भाऊबहीण नाहीत. काका, मामा, कुणीच नाही.

"मग विचारायचं कुणाला?" सिराज म्हणाला.

"मला विचारा ना, अब्बा. आय नो हिम."

"तू घरची. तू साखर."

हुदा हसली नाही. ती एकतीस वर्षांची होती आणि तिची तीन स्थळं या मिठानेच गेली होती.

नांदखोलकर, बहरीन: बेचाळीस?

नील घरी जेवायला आला त्या दिवशी त्याने आडनावाचा अर्थ विचारला. हा प्रश्न सिराजला कुणी विचारतच नसे, तो खुलला. खाडी, धक्का, पणजोबा गलबतावर तांडेल होते ते, गावाचं नाव कसं पडलं ते, सगळं त्याने दुकानातल्या इंग्रजीत सांगितलं. नील ऐकत होता. इतकं लक्ष देऊन सिराजचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मग नील म्हणाला, "अंकल, माझं गाव तर मेलं. तुमचं जिवंत आहे. लग्नानंतर तुमचं आडनाव घेतलं तर चालेल?"

सिराजची बायको महमुदा वाढत होती, तिच्या हातातला डाव वाडग्यात पडला. "बाय गो! घरजावयपण असं करत नाय."

ही बातमी दुसऱ्या दिवशी बहरीनमधल्या कोकणी जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होती. गोरा नांदखोलकर! एकाने लिहिलं, नांदखोल इलेव्हनला ओपनिंग बॉलर मिळाला. दुसऱ्याने लिहिलं, आता गावचा रस्ता तरी होईल. सिराज दिवसभर हसत ताडपत्री मोजत होता. या नाही, पुढच्या शुक्रवारी जमातीसमोर होकार द्यायचा, असं त्याने मनाशी ठरवलं. फक्त चौकशी राहिली होती. दुसऱ्यांच्या मुलींसाठी केली आणि आपल्या मुलीसाठी केली नाही, असं कुणी म्हणायला नको.

एका माणसाने चांगलं म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. एका हॅस्करबीने.

हॅस्करबी, जग: एकतीस

शैलेंद्र पुणतांबेकर सिराजच्या वरच्या मजल्यावर राहतो. पुण्याचा, बँकेत. त्याचं इंग्रजी फोनवर चालण्यासारखं होतं आणि शुक्रवारी त्याला काम नसायचं. जुम्म्याची नमाज आटोपून सिराज लॅपटॉपसमोर बसला तेव्हा शैलेंद्रने नकाशा काढून ठेवला होता. काळी जमीन, त्यावर आडनावाचे लाल ठिपके.

"म्हणजे तिकडेपण 'कर' असतं?" सिराजने विचारलं.

"असतंच की. पण गंमत बघा, सिराजभाई. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? हॅस्करबीत सगळेच हॅस्करबीचे. जो बाहेर पडला त्यालाच लोक म्हणणार, हा बघा हॅस्करबीचा आला. गाव सोडल्याशिवाय हे आडनाव मिळत नाही. आमच्यात पुणतांबं कुणी पाहिलेलंसुद्धा नाही."

"बरं केलंत सोडून. चौकशीला सोपं." सिराजने पडद्याकडे बोट केलं. "हे बहरीन ना? दोन कसे?"

"एक नील."

"आणि दुसरा?"

शैलेंद्रने ठिपका मोठा केला. ठिपका नुसताच मोठा झाला. "हे आकडे दोन-चार वर्षं जुने असतात. चूकही असेल."

"तो एकटा हाय म्हणाला."

"चूकच असेल."

पण शैलेंद्रने ते दुसऱ्यांदा सांगितलं, हे सिराजच्या लक्षात आलं. माणसं खोटं बोलत नाहीत तेव्हा एकदाच बोलतात, असा त्याचा फोनवरचा अनुभव होता.

हॅस्करबी, कॅनडा: चार

पहिला फोन कॅनडातल्या एका म्हाताऱ्याला लागला. तिथे सकाळ होती. स्पीकर चालू करून शैलेंद्रने अदबीने सांगितलं, बहरीनहून बोलतोय, लग्नाचं स्थळ आहे, मुलाची माहिती हवी आहे.

म्हातारा आधी हसला. लग्नासाठी कुणी असा फोन करतं हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. नील त्याला माहीत नव्हता. "मार्जरीला विचारा," तो म्हणाला. "यॉर्कशायरला असते. शाळेत शिकवायची. तिला नाद आहे, जगातले सगळे हॅस्करबी गोळा करण्याचा. कुणी जन्मलं, कुणी मेलं, कुणी कुठे गेलं, सगळं तिला ठाऊक. आमच्यातला असेल तर तिच्या हातून सुटायचा नाही."

सिराजला एकदम बरं वाटलं. त्याने शैलेंद्रच्या पाठीवर थाप मारली. "बघा! माझ्यासारखी तिकडेपण एक हाय."

हॅस्करबी, इंग्लंड: एकोणीस

मार्जरी हॅस्करबीचा आवाज स्वच्छ होता. शैलेंद्रने बहरीन म्हटल्याबरोबर ती मध्येच म्हणाली, "तुम्ही पोलीस आहात का?"

"नाही, मॅडम. मुलीचे वडील इथे माझ्याजवळ बसलेत. नील हॅस्करबीचं स्थळ आहे."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"नील आमच्यातला नाही," ती म्हणाली. "हॅस्करबी आहे ती कॅथरीन. माझ्या चुलतभावाची मुलगी. लग्नात त्याने तिचं आडनाव घेतलं."

शैलेंद्र मराठीत सांगू लागला. सिराजने हात वर केला. एवढं इंग्रजी त्याला कळलं होतं.

"आम्हाला फार बरं वाटलं होतं," मार्जरी बोलत होती. "मुलींची लग्नं झाली की आमचं नाव कमी होतं. याने ते वाढवलं. माझ्या घरी जेवायला आला तेव्हा गावाबद्दल सगळं विचारत होता. इतकं मन लावून कुणी ऐकत नाही."

सिराजने टेबलाची कड धरली.

"कॅथरीन कुठे असते आता?" शैलेंद्रने विचारलं.

"तेच मी तुम्हाला विचारणार होते."

ती दोघं बहरीनला गेली त्याला तीन वर्षं झाली होती. पहिल्या नाताळला कॅथरीनचं कार्ड आलं. पुढच्या वर्षी त्याचा मेसेज आला: आम्ही वेगळे झालो, ती ऑस्ट्रेलियाला गेली, तिला घरच्यांशी संबंध नको आहेत. पोलिसांत सांगून झालं. सज्ञान बाई आहे, स्वतःच्या मर्जीने गेली असेल, असं उत्तर मिळालं.

"पण ऑस्ट्रेलियात हॅस्करबी नाहीत," मार्जरी म्हणाली. "मी सारखी बघत असते. एकसुद्धा नाही."

शैलेंद्रने नकाशा सरकवला. ऑस्ट्रेलिया काळा होता. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काळा.

"लग्नाआधी त्याचं आडनाव गॅस्कथॉर्प होतं. तेही गावाचंच नाव. मला सवयच आहे, म्हणून मी तिकडच्या गॅस्कथॉर्पांना लिहिलं. एका वयस्क जोडप्याचं उत्तर आलं. एका ओळीचं."

ती काय म्हणाली ते शैलेंद्रने ऐकलं. सांगितलं मात्र नाही.

"काय बोलली?" सिराजने विचारलं. "साहेब, काय बोलली ती?"

"त्यांनी विचारलं होतं, आमची रूथ कशी आहे."

गल्लीत कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिचा टिंटिं आवाज बराच वेळ येत राहिला.

सिराजने आयुष्यभर आडनावाचं टोक धरून माणसाचं घर गाठलं होतं. या माणसाच्या आडनावामागे गेलं की त्याचं घर येत नव्हतं, बायकोचं येत होतं. गॅस्कथॉर्पच्या मागे गेलं तर रूथचे आईबाप दारात उभे. हॅस्करबीच्या मागे गेलं तर मार्जरी. आणि पुढे कधीतरी, मलेशियात नाहीतर केनियात, कुठल्याशा मुलीच्या बापाने नकाशावर नांदखोलकर शोधलं असतं. फोन इथे सूकमध्ये वाजला असता. सिराजनेच उचलला असता.

"त्या गृहस्थांना सांगा," मार्जरी म्हणत होती, "ती कुठे दिसली तर. उंच आहे. केस तांबूस. चष्मा जाड भिंगांचा, त्याच्याशिवाय तिला समोरचं माणूस दिसत नाही. आमचं तर कोणी तिथे नाही."

सिराज फोनवर वाकला. "मॅडम," तो म्हणाला, "आय विल आस्क. इंशाल्ला."

गॅस्कथॉर्प, बहरीन: शून्य

हुदा दवाखान्यातून आली तेव्हा तिची आई सोफ्यावर पदर तोंडाला लावून बसली होती आणि बाप उभा होता. सिराजने सगळं सांगितलं. चौकशी सांगायची त्याची एक पद्धत होती, कुठेही आवाज न चढवता, आपलं मत न घालता. त्याच पद्धतीने सांगायला लागला, पण रूथपाशी त्याचा आवाज चढला.

"त्याचं आधी लग्न झालं होतं हे मला माहीत आहे," हुदा म्हणाली. "ही टोल्ड मी. एव्हरीवन हॅज अ पास्ट, अब्बा. तुम्ही पुन्हा तेच करताय. चौथ्यांदा."

"किती लग्नं सांगितली?"

"एक."

"आडनाव तिचं हाय, हे सांगितलं?"

हुदाने पर्स खांद्यावरून काढली. पुन्हा अडकवली.

"फोन लाव तिला. मार्जरीला. माझं ऐकू नको, मी घरचा. तिला विचार."

"कशी दिसते ती?" हुदाने विचारलं. "कॅथरीन."

सिराजने सांगितलं. उंच. तांबूस केस. चष्मा, जाड भिंगांचा.

हुदा खुर्चीवर बसली. "त्याच्या किचनमध्ये खालच्या ड्रॉवरला एक चष्मा आहे," ती म्हणाली. आता ती नुसत्या मराठीत बोलत होती, लहानपणी बोलायची तसं. "मी घालून बघितला होता. गंमत म्हणून. मला गरगरलं. मी विचारलं, कुणाचा? तर म्हणाला, आईचा."

महमुदा उठली. तिने मुलीचं डोकं पोटाशी धरलं आणि केसांवरून हात फिरवत राहिली. सिराजने जमातीच्या अध्यक्षाला फोन लावला. पुढच्या शुक्रवारचं बोलणं रद्द, तो म्हणाला, खलास, कारण नंतर सांगतो. मग नीलचा नंबर ब्लॉक केला, महमुदाच्या फोनवरही केला आणि हुदाच्या फोनसाठी हात पुढे केला. हुदाने फोन मुठीत धरून ठेवला.

"रडू नको गो," महमुदा म्हणाली. "अल्लाचे उपकार. वेळेत कळलं. अजून काय झालेलं नाय."

हुदा रडत नव्हती. ती आईच्या खांद्यावरून दाराच्या कडीकडे बघत होती.

हुदाने घरात नीलचं नाव पहिल्यांदा काढलं, त्याच्या आदल्या महिन्यात जॉर्जियातल्या तिब्लिसी शहरात त्या दोघांचं नोंदणी पद्धतीने लग्न झालं होतं.