बारा मिनिटांचा फोन

हडर्सफील्डच्या एका वकिली कचेरीत सव्वीस वर्षं मी एकच काम केलं. वकिलांनी घालवलेल्या वेळेची बिलं बनवायची आणि कोणी तक्रार केली की कोर्टात त्या बिलांची बाजू मांडायची. सहा मिनिटांचा एक तुकडा, असा आमचा हिशेब.

ईडिथ बॅरक्लफबाई शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेल्या. नवरा कारखान्यातल्या ॲस्बेस्टॉसने गेला. आमच्या कचेरीतल्या वकील फिलिपा क्रॉदरने भरपाई मिळवून दिली आणि त्यातूनच आमचं आठ हजार पौंडांचं बिल कापून घेतलं. बिल तपासून कमी करावं म्हणून बाईंनी वकील न लावता गावच्या कोर्टात अर्ज केला.

मी उभा राहून एवढंच म्हणालो, की पाच हजारांवरचं बिल तपासायचा या कोर्टाला अधिकार नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले. "त्यांचं बरोबर आहे, बाई. तुम्हाला लीड्सला, वरच्या कोर्टात जावं लागेल."

"इतके महिने तारखा दिल्यात आणि हे आज सांगता?"

बाहेर बाई बाकावर बसून बुटाची नाडी सैल करत होत्या. मला बघून म्हणाल्या, "जिंकलात ना? जा, चहा घ्या."

"बॅरक्लफबाई, बिल तुमच्या हाती पडून सोमवारी वर्ष होतंय. त्यानंतर लीड्सलाही सहजासहजी ऐकणार नाहीत. उद्याच अर्ज टाका."

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे हो?"

"दमलोय बाई मी," मी म्हणालो.

लीड्सची सुनावणी फेब्रुवारीत झाली. न्यायाधीश ओळ न् ओळ बघत होते. इथे तीस खोडले, तिथे दोनशे. दुपारपर्यंत पंधराशे साठ पौंड उडाले. आमच्या कायद्यात बिल पाचव्या हिश्शाने तरी कमी झालं, तर या तपासणीचा खर्च वकिलावर, नाहीतर अशिलावर. पाचवा हिस्सा म्हणजे सोळाशे. बाई चाळीस पौंडांनी बुडणार होत्या, आणि त्यांना ते ठाऊकही नव्हतं.

शेवटची ओळ एका फोनची होती. बारा मिनिटं, चव्वेचाळीस पौंड.

"हा फोन ह्यांना पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचा," बाई म्हणाल्या. "झोप लागली का, काही खाल्लंत का, एवढंच विचारलं क्रॉदरबाईंनी. मी शेजारणीला कौतुकाने सांगितलं होतं हो. त्याचे पैसे लावले?"

"मिस्टर सग्डेन, तुमचं काय म्हणणं?"

उत्तर माझ्या कागदावर तयार होतं, अशिलाशी सल्लामसलत. मी कागद पालथा घातला. "तो फोन आम्ही सोडतो."

संध्याकाळी फिलिपाने दार लावून घेतलं. "चव्वेचाळीस पौंडांपायी चार हजारांचा खर्च गळ्यात घातलास, नॉर्मन."

"हो."

"मी तिला खरंच काळजीने फोन केला होता."

"मग मिनिटं कशाला लिहिलीस?"

"सवय," ती म्हणाली. मग पुढची फाइल माझ्याकडे सरकवली. मी ती उचलली खरी, पण त्याच आठवड्यात लवकर निवृत्तीचा अर्ज दिला.

कमी झालेल्या पैशांचा चेक बाईंना एप्रिलमध्ये गेला. पोच आली. तिच्यावर फक्त सही होती.