पांघरूणबाबा आणि गोजरबाईची झोप

दुपार कलली की शाळेच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. बाया पुढे, बाप्ये मागे, पोरं भिंतीवर आणि ओट्यावर पांघरूणबाबा. उजव्या हाताच्या करंगळीवर त्यानं घडी केलेलं लाल अलवणाच्या सुती कापडाचं पांघरूण तोललेलं असायचं आणि डोळे मिटलेले असायचे.

"बघा, लोकहो, नीट बघा. करंगळीवर राहतं हे पांघरूण. यात कापूस नाही, यात मायचा श्वास आहे. पण ज्याची झोप हरवली त्याच्या अंगावर हे पडलं, की माय स्वतः खाली उतरते आणि त्याच्या छातीवर बसते. मग उचला म्हणावं पैलवानाला."

आणि खरंच पैलवानाला ते उचलत नसे. झोप न येणाऱ्याला आत नेत, दार लागे, बाबाचा चेला दारापुढे बसून झांजा वाजवी. थोड्या वेळानं दार उघडलं की आतला माणूस घोरत असायचा. गावातले दोन दांडगे गडी आत बोलावले जात. ते पांघरुणाचं एक टोक धरून उचलू पाहत आणि घाम पुसत बाहेर येत. "लय जड हाय बा," एवढंच ते म्हणत, आणि अंगणात जयजयकार होई. नंतर तेच पांघरूण परत बाबाच्या करंगळीवर.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. उंद्रीपासून कोसावरच्या या गावात मी, दयाराम मास्तर, एका खोलीची शाळा चालवत होतो. ती खोली भगवानराव पाटलांनी मला न विचारता बाबाला उघडून दिली आणि वर मलाच समजावलं, "गुरुजी, चार रोज पोरायले निंबाखाली बसवा. देवी काई रोज गावात येत नाही." मी पोरं निंबाखाली बसवली, पण आतून जळत होतो. बाबा घरटी एक गाठोडं कापूस घेत होता, मायची गादी भरायला. मायची गादी कुठे आहे, हे विचारायचं कुणाला सुचत नव्हतं.

घोरणारे लोक बाबानंच बाहेरून आणले असणार, अशी माझी पक्की समजूत होती. ती गोजरबाईनं मोडली.

गोजरबाई माझ्या शेजारी राहायची. वर्षापूर्वी तिचा नवरा वारला, तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पहाटे मी उठायचो तेव्हा ती अंगणात भिंतीला टेकून बसलेली असायची. ही बाई बाबाच्या पांघरुणाखाली गेली आणि दिवेलागणीपर्यंत झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला गाठलं.

"आजी, खरं सांगा, झोप लागली की लागल्यासारखं केलं?"

"खोटं काऊन बोलू, गुरुजी? पांघरून अंगावर पडलं आन् डोळा लागला. हे गेल्यापासून पहिल्यांदा."

तिच्या चेहऱ्यावर खोट नव्हती. उलट वर्षभरात पहिल्यांदा तो चेहरा जिवंत माणसाचा दिसत होता. मग सहज विचारलं, "दादा होते तेव्हा काय पांघरत होतात?"

"आमची दोघाईची वाकळ होती ना. माह्या लग्नापासूनचे सारे लुगडे तिच्यात शिवले होते, एकावर एक. उन्हात टाकाले दोघं लागत. हे गेले तवा तिरडीमागं नेऊन नदीवर टाकून देली. मेल्या मानसाचं पांघरून घरात ठेवत नाहीत."

"आणि आता?"

"लेकानं, निवृत्तीनं, बजारातून चादर आनली. चांगली हाय. पन अंगावर हाय का नाही, समजत नाही."

आमच्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण-पांघरूणही जातं, हे मला माहीत होतं. पण जन्मभर एका वजनाखाली झोपलेल्या बाईचं वजनच त्या दिवशी काढून घेतलं गेलं, हे कधी लक्षात आलं नव्हतं. दुःख तर होतंच, पण ते अंगावर धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. बाबानं तिला तेच वजन परत दिलं होतं. कसं दिलं, एवढंच कळायचं होतं.

तेवढ्यात गोजरबाई म्हणाली, "आज आमच्या नातवाले नेतो. लय रडते बिचारं. कान ओढते आन् रडते."

निवृत्तीचं पोर अजून नीट बसतही नव्हतं. गडी माणसाला जे उचलत नाही, ते या पोराच्या छातीवर ठेवणार होते.

"आजी, त्याला चिखलीच्या डॉक्टरकडे न्या. कान दुखत असेल. त्या पांघरुणाखाली लेकराला श्वास घेता येणार नाही."

"तुमाले झोप येते म्हनून तुमी बोलता, गुरुजी," ती म्हणाली आणि घरात गेली. तिचा राग मला समजत होता. जिनं वर्षभरानं झोप पाहिली, तिला मी ती झोप देणाऱ्यावर संशय घ्यायला सांगत होतो.

पाटलांकडे गेलो. ते पान लावत होते. "तुमी अडवसान आन् उद्या पोराले काई झालं, त लोक तुमाले धरतीन. मले मधात घेऊ नका." निवृत्ती कापसाची गाडी घेऊन खामगावला गेला होता. म्हणजे घरात अडवणारं कुणी नव्हतं.

दुपारी अंगण रोजच्यापेक्षा जास्त भरलं. लेकरावर माय कशी उतरते, हे सगळ्यांनाच पाहायचं होतं. निवृत्तीची बायको सिंधू पोराला मांडीवर घेऊन पुढे बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो, तशी ती खालच्या मानेनं बोलली.

"गुरुजी, ते लय जड असते का हो?"

"तुम्ही उचलून पाहिलं नाही?"

"मले हात लावू देत नाहीत. आईची माया आडवी येते म्हनतात."

बाबानं हात वर केला. झांजा थांबल्या. "आईनं बाहेर राहायचं. मायच्या पुढे आई चालत नाही. एकीच्या मांडीवर लेकरू असलं की दुसरी उतरत नाही, हा नियम मी नाही केला, तिनं केला." आणि हे बोलताना त्यानं इतकं करुण तोंड केलं, की नियम करणारी दुसरी कुणी असती तर तिला पाझर फुटला असता.

मी उठून म्हणालो, "पोर लहान आहे. वजन सोसणार नाही त्याला."

"वजन?" बाबा हसला आणि पांघरूण करंगळीवर झुलवलं. "मास्तर, तुमच्या पाटीपेक्षा हलकं आहे." सगळं अंगण हसलं. गोजरबाईनं सुनेच्या मांडीवरून पोर उचललं आणि बाबाच्या हातात दिलं. सिंधूचे हात थोडा वेळ तसेच पसरलेले राहिले.

दार लागलं.

आतून पोराचं रडणं येत होतं. झांजांच्या वरही ते ऐकू येत होतं. मग ते दबलं, जसं कुणी माठावर झाकण ठेवावं. आणि एकदम थांबलं.

"निजलं, निजलं," बाया म्हणाल्या. कुणी हात जोडले. गोजरबाईनं डोळ्यांना पदर लावला.

सिंधू मात्र उभी राहिली. "माहा लेक असा थांबत नाही," ती म्हणाली. पहिल्यांदा हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तो हुंदके देत देत थांबते. असा एकदम नाही थांबत. दार उघडा."

चेला दाराला पाठ लावून बसला. "मायची समाधी लागली. आता दार उघडलं तर लेकराचं वाईट होईल." सिंधू त्याला ओढायला लागली, दोन बायांनी तिलाच धरलं.

माझ्या शाळेच्या मागच्या खिडकीची कडी कधीच बसत नाही. पोरं तिथून पळतात, म्हणून मला ठाऊक. मी धावत मागे गेलो, फळी ढकलली आणि आत उडी मारली.

बाबा दाराशी कान लावून उभा होता. त्याच्या काखेत लाल पांघरूण होतं, तेच हलकं. आणि फळ्याखाली, चटईवर, दुसरं लाल पांघरूण पसरलं होतं. त्याच्या मधोमध एक लहानसा उंचवटा होता. पोराचं तोंड दिसत नव्हतं. मी एका हातानं पांघरूण ओढलं, ते हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं. पोराचे ओठ काळेनिळे पडले होते. त्याला हातावर पालथं घेतलं, पाठ चोळली, थोपटली. माझ्याच तोंडातून काय निघत होतं ते मला आठवत नाही. मग पोरानं एक आवंढा गिळल्यासारखा श्वास घेतला आणि रडायला लागलं. इतकं चांगलं रडणं मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं.

मी दाराची कडी काढली. सिंधूनं पोर माझ्या हातातून घेतलं आणि सरळ निंबाखाली जाऊन बसली, कुणाशी काही न बोलता.

बाबा मात्र सावरला होता. ओट्यावर येऊन त्यानं दोन्ही हात वर केले. "अनर्थ झाला. माय उतरली होती, मास्तरनं तिला धक्का दिला. आता लेकराला काही झालं तर याला विचारा." लोक माझ्याकडे वळले. पाटील म्हणाले, "गुरुजी, हे बरं नाही केलं." मागून कुणीतरी काठी आपटली.

मी आत गेलो, दोन्ही पांघरुणं ओढत आणली आणि ओट्यावर टाकली. हलकं जिथे पडलं तिथेच राहिलं, दुसरं पडल्याचा धप्प आवाज सगळ्यांनी ऐकला.

"देवी एक आणि पांघरुणं दोन?" मी म्हणालो. "करंगळीवर नाचतं ते एक, अंगावर पडतं ते दुसरं. आता याच्याखाली कुणी नाही. मग माय अजून कुणाच्या छातीवर बसली आहे? घे की करंगळीवर."

बाबा म्हणाला, "एक मायचं आहे, एक मायच्या बहिणीचं."

"मंग बहिणीचं पाहू दे मले," गोजरबाई म्हणाली. ती कधी ओट्यावर चढली, ते कुणाला कळलं नाही. तिनं जड पांघरुणाचं टोक मांडीवर ओढलं, शिवणीवरून बोटं फिरवली, एक टाका सापडला तो दातानं तोडला आणि दोरा ओढला. शिवण उसवली. आतून सरकी, कापसाचं बी, सांडली. ओट्यावरून पायऱ्यांवर, पायऱ्यांवरून अंगणात. निंबाला बांधलेले पाटलांचे बैल दावं ताणून पुढे आले.

"प्रसाद आहे, आजी, मायचा प्रसाद," बाबा म्हणाला.

गोजरबाईनं मूठभर सरकी त्याच्यापुढे धरली. "हा प्रसाद त आमची म्हैस रोज खाते," ती म्हणाली. "आन् याच्याखाली मी माह्या हातानं माहा नातू देला."

कुणी हसलं नाही. कापसाचे दिवस होते, घरोघर कापसाचे ढीग आणि सरकीची पोती, सगळ्या गावालाच सरकीचा वास. म्हणून त्या पांघरुणाचा वास कुणाला वेगळा आला नाही. सरकीला बारीक कापूस चिकटलेला असतो, ती वाजत नाही. चौकटी चौकटी करून शिवली की गोधडीसारखीच लागते, फक्त वजन पोत्याचं, आणि माय बसली आहे या धाकानं गड्यांचे हातही ढिले पडत. दाराआड अदलाबदल केली की देवी उतरली.

चेला पळाला. बाबाला लोकांनी मारायला घेतलं, तेव्हा मीच मधे पडलो, कारण मार खाल्ला की असे लोक दुसऱ्या गावात साधू होतात. त्याला गाडीत घालून पोलिसांकडे पाठवलं. पोराला त्याच संध्याकाळी चिखलीला नेलं. कान आतून पिकला होता. औषधानं तो बरा झाला आणि रडणंही थांबलं, हुंदके देत देत.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई माझ्या दाराशी आली. रात्रभर जागलेली दिसत होती.

"गुरुजी, मंग माही झोप बी खोटी होती का?"

"झोप खरी होती, आजी. देवी खोटी होती. तुम्ही वजनाखाली झोपलात. तुमच्या वाकळीच्या वजनाखाली झोपायच्या तशाच."

ती तशीच आळीतल्या बायांकडून जुनी लुगडी मागायला गेली. सिंधूनं आपलं एक दिलं. आठवडाभर रोज दुपारी चार बाया ओट्यावर बसून टाके घालत होत्या. वाकळ झाली तेव्हा ती उन्हात टाकायला दोघी लागल्या.

आता गोजरबाई झोपते. प्रत्येकाला जड पांघरुणाखाली झोप येईल असं नाही, माझा तर जीव घुसमटतो. पण ज्याला येते त्यानं घरची चार लुगडी जास्त शिवावीत, त्यासाठी कुणाच्या पायावर डोकं ठेवायची गरज नाही. आणि जे लेकरू स्वतःच्या हातानं पांघरूण बाजूला सारू शकत नाही, त्याच्या अंगावर जड काही टाकू नका, कुणी कोणत्याही देवाचं नाव घेतलं तरी.

परवा मी तिला चिडवलं, "काय आजी, उतरते का माय?"

"कोनी उतरत नाही," ती म्हणाली. "जड हाय म्हनून जड लागते. पन हे जवळ हायत असं वाटते, त वाटू दे की."

वाटू दे. त्याला माझी काही हरकत नाही. माझं मागणं एवढंच आहे, की पुढच्या वेळी कुणी ओट्यावर उभा राहून पांघरूण दाखवील तेव्हा हात जोडायच्या आधी एक टाका उसवून पाहा. तो उसवल्यानं खरी देवी रागावणार नाही, आणि कुणाचं लेकरू वाचेल.