डोन्या क्लोती कुंपणापाशी काय म्हणाली?

मी कॉलरला लावायचा माईक बोलतोय. हरभऱ्याएवढं डोकं, दोन हात लांब वायर आणि वायरच्या टोकाला कमरेला खोचायची एक डबी, एवढाच माझा देह. डबीत बॅटरी असली की मला सगळं ऐकू येतं. नसली की मी ठार बहिरा.

माझा जन्म कुठला ते माझ्या पाठीवर छापलेलं होतं, पण ते घामाने पुसलं गेलं. घाम माझ्या पहिल्या मालकाचा, एका पाद्रीबुवांचा. सीमेवरच्या बाजारातून त्यांनी मला राजधानीत, आसुन्सिओनला आणलं. बाईने बाईवर प्रेम केलं की देव पाऊस रोखून धरतो, असं ते दर रविवारी माझ्या डोक्यावर ओरडत. त्या वर्षी नदीला पूर आला, तेव्हा त्यांनी विषय बदलला. पुढे त्यांना गालापाशी वळणारा नवा माईक मिळाला आणि मी एवेरच्या हाती आलो.

एवेर आवाज टिपणारा. त्याच्या मित्रमंडळींनी एक वेब मालिका काढायला घेतली होती. दोन बायका पावाची भट्टी चालवतात आणि एकमेकींच्या प्रेमात पडतात, अशी गोष्ट. कुठलीच वाहिनी ती घेणार नव्हती, त्यामुळे कुणाला विचारायचाही प्रश्न नव्हता. दिग्दर्शक निमिया. एरवी ती जन्ममृत्यूच्या कचेरीत खिडकीमागे बसून लोकांना 'उद्या या' म्हणते. चित्रीकरणात मात्र तिला सगळं आत्ताच्या आत्ता हवं असे.

भट्टीवाल्या दोघी म्हणजे मारिसेल आणि झुली. मालिकेत त्या एकमेकींच्या होत्या, तशा मालिकेबाहेरही होत्या. हे त्या चौघांना ठाऊक होतं, आणि मला. दोघींच्या छातीवर आलटूनपालटून बसणाऱ्यापासून काय लपणार? माणसं खोटं सलग बोलतात आणि खऱ्याच्या आधी घसा खाकरतात, हे मी तिथे शिकलो.

घर होतं मारिसेलच्या आईचं, लुके गावात. आईला, म्हणजे डोन्या क्लोतीला (तिकडे थोरल्या बाईला डोन्या म्हणतात), मालिका दोन मावसबहिणींची आहे असं सांगितलेलं. चित्रीकरण भर दुपारी. जेवणं झाली की अख्खी गल्ली झोपते, डोन्या क्लोतीही झोपते, अशी सगळ्यांची समजूत. तरीही शांतता मिळेल तर शपथ. ऐन प्रेमाच्या वाक्याला पत्र्यावर आंबा आदळे. तेच वाक्य पुन्हा घ्यावं, तर 'चिपा, गरम चिपा' करत पाववाल्याची गाडी भोंगा लावून जाई. निमिया म्हणे, "या गावात प्रेम करायचं तर बहिरंच व्हायला हवं."

आता एवेरची चूक सांगतो. तो पोरगा भलता लाजाळू. माझी डबी बायकांच्या झग्याआड, आणि दर वेळी 'जरा डबी बंद करू द्या' म्हणताना त्याचे कान लाल होत. म्हणून मधल्या सुट्टीतही तो मला चालूच ठेवी.

दहाव्या दिवशी मारिसेल पाणी प्यायला मागच्या अंगणात गेली. मी तिच्या गळ्याशी. आई कंद सोलत बसली होती.

"आई, झोपली नाहीस?"

"नऊ दिवस झाले झोपून. मावसबहिणी भांडल्या तर आठवडाभर बोलत नाहीत. तुम्ही पाच मिनिटांत रडता."

"अगं, नाटक आहे ते."

"नाटक पुढच्या खोलीत चालतं. मी स्वयंपाकघराबद्दल बोलतेय."

मारिसेलचं काळीज माझ्या डोक्याखालीच धडधडायला लागलं. तिने घसा खाकरला.

"हो, आई."

सुरी थांबली. मग पुन्हा चालू झाली.

"पोरगी वाईट नाही. भांडी घासताना पाण्याची नासाडी करते, पण वाईट नाही. फक्त मला कुणापुढे बोलायला लावू नकोस. कुंपणापलीकडच्या पाब्लाला चाळीस वर्षांत मी सगळं सांगितलं. तुझ्या बापाचंसुद्धा. हे नाही सांगता येणार मला. मी मेले की काय हवं ते करा."

पुढच्या खोलीत एवेर आणि निमियाच्या कानांवर हे जसंच्या तसं पोचलं, आणि एवेरच्या यंत्रात टिपलंही गेलं. आम्ही आत शिरलो तेव्हा एवेर पांढरा पडला होता. निमिया उठून उभी राहिली.

"हाच शेवटचा भाग! पडदा काळा ठेवायचा आणि नुसता हा आवाज."

मारिसेलला कळलं, आपलं बोलणं टिपलं गेलंय. "ती माझी आई आहे, तुझी संवादलेखक नाही."

"सात भाग मी लिहिले. त्यात असं एक वाक्य नाही गं!"

"ते आम्हाला पहिल्याच भागात कळलं होतं," झुली म्हणाली.

ती दुपार सगळे नुसते येरझाऱ्या घालत होते. शेवटी मारिसेल म्हणाली, "तिलाच ऐकव. ती हो म्हणाली तर माझंही हो."

दुसऱ्या दिवशी सगळे अंगणात गेले. निमियाने अंगाची लाही होत असताना गळ्याला रुमाल बांधला होता. त्या रुमालाखाली मी, चालू. डोन्या क्लोतीचा होकारही तिला टिपायचा होता.

डोन्या क्लोतीने हेडफोन लावून स्वतःला तीनदा ऐकलं.

"माझा आवाज असा आहे? हा तर माझ्या आईचा आवाज. किती लोक ऐकतील?"

"मागचा भाग चार हजारांनी पाहिला," निमिया म्हणाली.

"पाब्लाही ऐकेल?"

"त्यांच्या मुलीने त्यांना फोन घेऊन दिलाय," मारिसेल म्हणाली.

"पुसून टाक."

"डोन्या क्लोती, अहो, एकदा विचार—"

"पुस म्हटलं ना. चाळीस वर्षांची शेजारीण माझी. तिने हे फोनवर ऐकायचं? परक्या चार हजारांच्या मागे उभं राहून?"

एवेरने यंत्र तिच्या हातात दिलं. कुठली कळ दाबायची ते दाखवलं. टक्. एवढाच आवाज झाला.

मग खुर्ची सरकली. सपाता कुंपणाच्या दिशेने निघाल्या.

"आई, कुठे चाललीस? आज नको गं, आई!"

"तू बस. तू दहा दिवस नाटक केलंस, मी नऊ दिवस झोपेचं सोंग केलं. पुरे झालं." आणि मग मोठ्याने, "पाब्ला! अगं ए पाब्ला! ऊठ, एक सांगायचंय तुला!"

पलीकडे दार करकरलं. निमिया हळूच पुढे झुकली. मी जीव कानात आणला. डोन्या क्लोतीने घसा खाकरला.

आणि लाजून लाल होणाऱ्या त्या एवेरने निमियाच्या कमरेला हात घालून माझी डबी ओढली आणि बॅटरी काढून घेतली.

मालिका संपली. शेवटचा भाग अचानक तुटतो अशी लोकांची तक्रार आहे. निमिया पुन्हा खिडकीमागे बसते. मी पत्र्याच्या डब्यात असतो. कधी वराच्या, कधी वक्त्याच्या कोटावर चढतो. आशीर्वाद ऐकतो, भाषणं ऐकतो आणि मन मात्र त्या कुंपणाशी अडकून राहतं. लुकेला मला पुन्हा कुणी नेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलं, तर भर दुपारी त्या गल्लीत जरा रेंगाळा. काही विचारू नका, काही टिपू नका. कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी दोन म्हाताऱ्यांचं बोलणं अजून चालू असतं का, तेवढं फक्त ऐका. आणि मला येऊन सांगा.