सहाची सोळा

खेळाच्या यंत्राच्या पट्ट्याला, त्याच्या चिकटपट्टीत, एक केस अडकला होता... काळा, जाड, राठ. नऊ वर्षांच्या पोरीच्या मनगटावर असा केस कुठून येणार? थेरपिस्ट मॅडम तो पट्टा भिंगरीच्या डाव्या हाताला बांधत होत्या, आणि भिंगरीचा बाप समोरच्या खुर्चीतून त्या केसाकडे बघत होता—आपल्याच केसाकडे. मॅडमना काही दिसलं नाही. त्या आज भलत्याच खुशीत होत्या.

"बाबा, कमाल केलीत हं दोघांनी! हा कालचा घरचा आकडा बघितलात?" त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

सोळा. कसली सोळा नि कसलं काय! सहा तिची, दहा त्याची. पोरीचा डावा हात जन्मापासून आवळलेला, अंगठा मुठीत. डोळ्यांवर यंत्राचा गॉगल चढवला की समोर झाड यायचं. सफरचंद धरून तोडायचं, टोपलीवर नेऊन मूठ उघडायची. धरणं जमायचं तिला, सोडताना घाम फुटायचा. सहाव्या फळाला ती सोफ्यावर कलंडायची, आणि यंत्र सांगायचं, आजचा सराव अपुरा. अपुरे सराव साठले की घरी दिलेलं यंत्र परत घेऊन दुसऱ्या मुलाला द्यायचं, असा थेरपी सेंटरचा नियम... मग एके दिवशी, चारच तर फळं, असं म्हणून त्याने स्वतः पट्टा बांधला. सरळ हाताने खेळला असता तर यंत्राने ओळखलं असतं, म्हणून मनगट वाकवलं, अंगठा आत दाबला, तिच्यासारखा—आणि तिसऱ्याच फळाला खांद्यापर्यंत कळ गेली. ही पोर हे रोज करते? दिवसभर? त्या दिवशी तो बाथरूममध्ये जाऊन रडला होता. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलाच. विजेचे मीटर वाचत दारोदार फिरणारा माणूस तो. दार बंद असलं तर दोनदा जाईल, पण बारा वर्षांत एक आकडा अंदाजाने टाकला नव्हता. आणि पोटच्या पोरीच्या हाताचा आकडा मात्र...

"तर झोपतानाचा स्प्लिंट आता बंद करून बघू," मॅडम म्हणाल्या.

"बंद? खरंच, ताई?" गॉगलखालून भिंगरी ओरडलीच.

मागे तापात अंगठा ताणून धरणारा तो स्प्लिंट महिनाभर सुटला होता, तेव्हा अंगठा तळहातात असा रुतला की तो बाहेर काढायला तीन महिने लागले. तेव्हाच्या तिच्या किंकाळ्या त्याच्या कानातून अजून गेल्या नव्हत्या. सांगायला हवं होतं. आत्ताच्या आत्ता. 

खेळ सुरू झाला. एक, दोन... सहा. हात खाली पडला.

"सहाच? काल तर सोळा तोडलीस की गं!"

झालं! काल सहानंतर पोर झोपली होती. आता ती विचारणार, ताई, कसली सोळा?

"काल जमली," भिंगरी शांतपणे म्हणाली. "आज हात रुसलाय."

म्हणजे हिला माहीत होतं. म्हणजे सोफ्यावर डोळे किलकिले करून ही बघत होती—आपला बाप मनगट वाकडं करून, तोंड वेंगाडून हवेतली फळं तोडतोय... काय वाटलं असेल तिला? मी तिची नक्कल करतोय, असं? किती दिवस बघतेय? आणि हे आत्ताचं खोटं कुणासाठी—बापाची लाज राखायला, की स्प्लिंट सुटावा म्हणून?

"मॅडम..." तो उठून उभा राहिला.

"बाबा, तू नको ना बोलूस," भिंगरी पटकन म्हणाली.

नऊ वर्षं या पोरीकडे बघताना तो आधी तिच्या हाताकडे बघत आला होता. आज तो हात त्याला दिसतच नव्हता; दिसत होतं ते गॉगलखालचं घट्ट मिटलेलं तोंड, कुणाचं म्हणून ऐकणार नाही असं. तिची कीव यायची, त्याची सवय झाली होती त्याला. आज तिची भीती वाटली. खरं बोललो तर ही आपल्याला माफ करणार नाही, आणि नाही बोललो तर... "सहाच," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि एवढा एक शब्द बोलायला आधी तिची परवानगी मागावी, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.