लिंबाची फोड

दुपारी जेवताना बापलेकीचं वाजलं, ते लिंबाच्या एका फोडीवरून.

लेकीनं तळलेल्या माशावर लिंबू पिळलं आणि म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. समोरच्या पेल्यात त्याच्याच मळ्याची पांढरी वाइन होती, विहिरीच्या पाण्यासारखी गार.

"माझी वाइन कमी पडली वाटतं?"

"बाबा, माशाला लिंबू लागतंच."

"ही आहे ना. घास घे, वर घोट घे. जन्मभर दुसरं काय पिकवलं मी? आणि तू चारचौघांत लिंबू पिळतेस."

"कुठले चारचौघे? घरात मांजरसुद्धा नाही."

"मी आहे की."

ती हसली, पण फोड शेवटच्या थेंबापर्यंत पिळली. खाण तशी माती. दर वर्षी पहिली बाटली उघडली की तो तिच्या तोंडाकडे बघत बसायचा आणि ती म्हणायची, "आंबट आहे." तेवढंच.

खरा वाद मात्र तोडणीचा होता. त्याला उद्याच घोस उतरवायचे होते. ती म्हणत होती, आठवडाभर थांबा, साखर भरू दे.

"गोड द्राक्षं खायला," तो म्हणाला. "कोल्ह्यानं आंबट म्हणून सोडली, आपण आंबट म्हणून तोडतो. हाच काय तो आपल्यात न् कोल्ह्यात फरक."

"कोल्हा शहाणा होता."

"म्हणून उपाशी राहिला."

मळा उतारावर होता. माती कसली, नुसती पांढरी खडी; कुदळ मारली की दात खाल्ल्यासारखी करकरायची. दिवसा दगड तापायचे, आणि ऊन कललं की खालच्या समुद्रावरून वारा चढायचा, अंगावर काटा आणणारा. त्या गारठ्यानंच मण्यांतला आंबटपणा टिकायचा. सपाटीच्या काळ्या मातीत हाच वेल दुप्पट लगडला असता, पण वाइन गुळमट झाली असती. "वेलाला लाड सोसत नाहीत," म्हातारा म्हणायचा. लेकीचे त्यानं कधी केले, तेही तिला आठवून बघावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वरच्या ओळीच्या टोकाशी सापडला. उपड्या क्रेटवर बसलेला, पाठ खांबाला टेकलेली, मांडीवर कात्री. हाक मारून उपयोग नव्हता.

त्याला माती देऊन आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती कात्री घेऊन निघाली. शेजारच्या मळ्यातली आत्या बांधावर आडवी आली.

"घरातलं माणूस गेलंय आणि तू तोडणीला निघालीस? लोक काय म्हणतील?"

"बाबांनी उद्या म्हटलं होतं, आत्या. तो उद्या तर उलटूनही गेला."

"तूच तर म्हणत होतीस ना, थांबा म्हणून? बांधापलीकडं ऐकू येत होतं सगळं."

"म्हणत होते."

"मग थांब की. आता अडवणारं कोण आहे तुला?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "म्हणूनच."

 आत्या पदराला हात पुसत म्हणाली, "कात्री आणते माझी. भावासाठी येतेय, तुझं शहाणपण पटलं म्हणून नाही."

दोघींनी मिळून घोस उतरवले. मणी हिरवट, टणक. तिनं एक चावला आणि डोळे मिटले, इतका आंबट.

रस टाकीत गेला. थंडीभर ती कोठारात जाऊन टाकीला तळवा लावून उभी राहायची. आत बुडबुड चालायची. घरात बोलणारं तेवढंच उरलं होतं. जेवायला बसताना ती दोन पेले विसळायची, एक परत पालथा घालायची. कपाटभर पुस्तकं होती, पण पानं उलटली जायची आणि डोळे त्याच ओळीवर असायचे.

वेलांना नवे डोळे फुटले तेव्हा आत्यानं तळलेला मासा झाकून आणला. कडेला लिंबाची फोड होती.

"बसत नाही. शेळ्या ओरडताहेत. गार व्हायच्या आत खा."

ती गेली. लेकीनं यंदाची वाइन काढून पेल्यात ओतली. माशाचा घास घेतला, वर घोट घेतला. जिभेवरचा तेलकटपणा धुऊन निघाला, मीठ उजळलं, आणि मागं ओल्या खडीसारखी चव रेंगाळत राहिली. तिनं दुसरा घास घेतला. तिसरा. फोड तशीच होती.

मग तिनं ती बोटानं ताटाबाहेर सारली आणि समोरच्या खुर्चीकडे बघितलं.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "लिंबू लागत नाही."